तापणारा काळा किडा: छोटा रेग्युलेटर निवडताना उष्णतेचं गणित



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आपल्या सगळ्यांच्या शाळांत तारा, बॅटऱ्या आणि सोल्डरचा वास सुरू होतो. म्हणून हा पाठ आत्ताच लिहितेय. विषय ऐकायला जड वाटेल, पण त्यातलं गणित वजाबाकी, गुणाकार आणि बेरीज यापलीकडे जात नाही. ते न केल्यामुळे माझ्या वर्गातल्या एका मुलीचं मॉडेल तालुक्याला बंद पडलं आणि बोल मात्र तिला लागला. चूक माझी होती.

मॉडेल असं होतं. खाडीचं पाणी ठरावीक खुणेच्या वर चढलं की वाजणारी पेटी. मुलगी सातवीतली, घर खाडीच्या काठाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. त्यामुळे तिची अट एकच होती, पेटी विजेच्या बोर्डावर चालता कामा नये. बाबांच्या होडीवरची १२ व्होल्टची बॅटरी, ती चार्ज करायला एक लहान सोलर पॅनल, आणि पेटीत ५ व्होल्टवर चालणारं सर्किट: छोटा बोर्ड, डिस्प्ले, दोन एलईडी आणि बझर. १२ चे ५ व्होल्ट करायला एक रेग्युलेटर लागतो. तो मी आणून दिला. ७८एल०५ नावाचा, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, तीन पायांचा. मुलांनी त्याचं नाव ठेवलं काळा किडा.

शाळेत आठवडाभर पेटी छान चालली. प्रदर्शनात मांडवाखाली मांडली, पॅनल बाहेर उन्हात ठेवलं, झाकण लावलं. दहा-बारा मिनिटांनी डिस्प्ले मंद झाला, विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. परीक्षक आले, त्यांनी झाकण उघडून वायर हलवून पाहिल्या, तर पेटी लगेच सुरू! झाकण लावलं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. ते म्हणाले, “सोल्डरिंग कच्चं आहे, कुठेतरी वायर सुटते.” मीही तिच्याकडे वळून म्हटलं, “तुला सांगितलं होतं ना, सांधे नीट कर म्हणून?”

ती म्हणाली, “बाई, वायर सुटूक नाय. ह्यो किडो तापता. हात लावन बघा.”

मी हात लावून बघितलं नाही. तिचं म्हणणं तिथेच राहिलं.

त्या रात्री आमचे भावोजी घरी आले होते. ते टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करतात. त्यांनी पेटी उघडली, किड्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, “अगो, तेका घाम इलो, पण पुसूक पंचो खंय आसा?” मग वहीच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी चार ओळींचं गणित मांडलं. तेच गणित इथे सांगते.

आधी रेग्युलेटर काय करतो ते बघू. त्याला एका पायावर जास्त व्होल्ट द्यायचे, मधला पाय ऋण टोकाला, आणि तिसऱ्या पायातून बरोबर ५ व्होल्ट मिळतात. बॅटरी उतरली काय, चढली काय, बाहेर ५ च. पण मग उरलेले व्होल्ट जातात कुठे? हा प्रश्न मी डी.एड.ला असताना कुणी विचारला नाही आणि नंतर मीही स्वतःला विचारला नाही. ते रेग्युलेटर पोटात जिरवतो आणि त्याची उष्णता होते. १४ व्होल्ट आत आले तर ५ पुढे सोडतो, ९ जिरवतो. किती उष्णता होते ते काढायला जिरवलेल्या व्होल्टला विद्युतधारेने गुणायचं, उत्तर वॅटमध्ये येतं. रेग्युलेटरला स्वतःला चालायला थोडी वीज लागते, ती इतकी कमी असते की इथे सोडून दिलीय.

आता माझी चूक. ७८एल०५ हा १०० मिलिअँपिअरपर्यंत चालतो असं दुकानदाराने सांगितलं. आमचं सर्किट मल्टिमीटर लावून मोजलं तर ८० मिलिअँपिअर घेत होतं. ८० हे १०० पेक्षा कमी, म्हणजे झालं! असा माझा हिशोब. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या बोटीत किती माणसं बसवायची हा आकडा ठरलेला असतो, पण समुद्र खवळला तर तेवढी माणसं नेतात का? पावसाळ्यात तर ती फेरीच बंद असते. १०० मिलिअँपिअर हा आकडा तसाच आहे. तो किती व्होल्ट जिरवायचे आणि भोवतालची हवा किती गरम, यावर अवलंबून असतो. नुसता धारेचा आकडा बघून रेग्युलेटर निवडणं म्हणजे समुद्राकडे न बघता बोट सोडणं.

मग दुसरा आकडा कोणता बघायचा? इथे मी वर्गात पेजेचं उदाहरण घेते, कारण उकड्या तांदळाची पेज आमच्याकडे सगळ्यांच्या घरी असते. चुलीवरून उतरवलेली पेज उंच पेल्यात घेतली तर किती वेळ फुंकत बसावं लागतं, आणि तीच ताटात ओतली की लगेच निवते. पेज तीच, तेवढीच, पण ताटात तिला हवा भेटायला जागा जास्त. रेग्युलेटरच्या आत खरं काम करणारा सिलिकॉनचा तुकडा अगदी बारीक असतो. त्याच्याभोवती जे काळं प्लॅस्टिकचं किंवा धातूचं कवच असतं त्याला पॅकेज म्हणतात. आतली उष्णता बाहेर काढायचं काम या पॅकेजचं. किड्याचं पॅकेज म्हणजे पेला. मोठ्या, मागे धातूची पट्टी असलेल्या रेग्युलेटरचं पॅकेज म्हणजे ताट.

कंपनीच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, यासाठी एक आकडा दिलेला असतो. एक वॅट उष्णता तयार झाली तर आतला तुकडा बाहेरच्या हवेपेक्षा किती अंशांनी जास्त तापेल, हे तो सांगतो. त्याला उष्णतारोध म्हणू. काळ्या किड्याच्या पॅकेजला टीओ-९२ म्हणतात, त्याचा आकडा साधारण २०० अंश प्रति वॅट. एक वॅटला दोनशे अंश! मोठा ७८०५ येतो टीओ-२२० पॅकेजमध्ये, मागे भोक असलेली धातूची पट्टी असते तो. त्याचा आकडा काही न जोडता साधारण ६५. कंपनीप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात, म्हणून ज्या कंपनीचा भाग घेतला तिची डेटाशीट बघावी. पण आपल्या कामाला हे अंदाज पुरतात.

आणि मर्यादा? आतला तुकडा १२५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवावा, असं धरून चालायचं. त्याही वर, साधारण दीडशेच्या आसपास गेला, तर या रेग्युलेटरमध्ये स्वतःला वाचवायची सोय असते. तो काम थांबवतो, थोडा निवला की पुन्हा सुरू होतो. परत तापतो, परत थांबतो. वाचकहो, आता डिस्प्ले का विझत होता आणि लागत होता ते कळलं ना? वायर सुटत नव्हती. किडा जीव वाचवत होता.

भावोजींनी मांडलेलं गणित आता पाहा. शाळेत आम्ही चाचणी घेतली ती ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर. जिरवायचे व्होल्ट ९ वजा ५, म्हणजे ४. धारा ८० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०८ अँपिअर. ४ गुणिले ०.०८ बरोबर ०.३२ वॅट. त्याला २०० ने गुणलं की ६४ अंश. वर्गातली हवा ३० अंश धरली तर आतला तुकडा ९४ अंशांवर. गरम आहे, पण १२५ च्या आत. म्हणून आठवडाभर तक्रार नाही.

प्रदर्शनात काय झालं? बॅटरीवर लिहिलेलं असतं १२ व्होल्ट, पण ती १२ ला कधीच नसते. सोलरने चार्ज होत असताना नंतर आम्ही मोजलं तर मीटरने १४ दाखवले. जिरवायचे व्होल्ट झाले ९. ९ गुणिले ०.०८ म्हणजे ०.७२ वॅट. गुणिले २००, म्हणजे १४४ अंश वाढ. बंद पेटीतली हवा ४२ अंश धरली तर बेरीज १८६. एवढं तापण्याआधीच तो थांबणार, आणि थांबत होता. परीक्षकांनी झाकण उघडलं की आत वारा जायचा, किडा निवायचा आणि पेटी चालायची. आम्हाला वाटलं वायर हलवल्यामुळे चालली.

धारा तीच, सर्किट तेच, सोल्डरिंग तेच. बदलले फक्त दोन आकडे, बॅटरीचे व्होल्ट आणि पेटीतली हवा. आणि हे दोन्ही आकडे कुठल्याही भागावर छापलेले नसतात, ते आपल्या जागेवर जाऊन मोजावे लागतात. डेटाशीटमधले बरेच आकडे २५ अंशाच्या हवेला दिलेले असतात. आपल्याकडे दुपारी पत्र्याखाली २५ अंश? डिसेंबरातसुद्धा नाही.

जाता जाता, मित्रमैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा म्हणजे माझ्यासारखं मुलांवर उगाच ओरडणं होणार नाही. सैल वायर केव्हाही तुटते, पेटी हलवली की. तापून बंद पडणारं सर्किट सुरू केल्यापासून काही मिनिटांनीच बंद पडतं, आणि थोडी विश्रांती दिली की पुन्हा चालतं. घड्याळ लावून दोन-तीनदा बघा. शिवाय मीटरची एक टोचणी रेग्युलेटरच्या आत येणाऱ्या पायाला आणि मग बाहेर जाणाऱ्या पायाला लावून पाहा. आत १४ स्थिर आहेत आणि बाहेर ५ चे २ होतायत, तर तिथपर्यंतची वायर शाबूत आहे.

दुरुस्तीसाठी आम्ही सगळ्यात आधी सोपा उपाय करायला गेलो. रेग्युलेटरच्या आधी एक रेझिस्टर लावायचा, म्हणजे काही व्होल्ट तो जिरवेल आणि किड्याचं ओझं कमी होईल. ४७ ओहमचा लावला तर ८० मिलिअँपिअरला तो ३.७६ व्होल्ट खातो. किड्याकडे उरतात साधारण १०.२, त्यातले जिरवायचे ५.२. गुणिले ०.०८ म्हणजे ०.४२ वॅट, गुणिले २०० म्हणजे ८४ अंश, अधिक ४२ बरोबर १२६. हातातोंडाशी आलेला घास थोडक्यात हुकला! वर रेझिस्टरची उष्णता त्याच पेटीत राहणार, म्हणजे ४२ चे आणखी वाढणार. उष्णता अशी इकडून तिकडे ढकलून नाहीशी होत नाही हे मुलांना या उदाहरणातून फार चांगलं कळतं. तो उपाय सोडून दिला. (कुठे लावलाच तर एक वॅटचा रेझिस्टर घ्या. पाव वॅटचा काळा पडतो.)

मग मोठा ७८०५ घेतला. ०.७२ गुणिले ६५, साधारण ४७ अंश. अधिक ४२, म्हणजे ८९. बसलं! तरीही ८९ म्हणजे हात भाजेल एवढं तापमान, म्हणून त्याला प्लॅस्टिकला किंवा वायरच्या आवरणाला टेकू द्यायचं नाही. आम्ही त्याच्या पट्टीच्या भोकातून स्क्रू घालून अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा जोडला. बाजारात हीट सिंक विकत मिळतो, पण खिडक्या बनवणाऱ्याकडे सेक्शनचे कापलेले तुकडे पडलेले असतात, त्यातला एक आणला. पट्टी आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरी पेस्ट लावतात, ती अगदी पातळ लावायची. पेस्टचं काम फक्त मधल्या बारीक फटीतली हवा घालवणं, कारण हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. पोळीला तूप लावतात तशी जाड थापली तर उलट अडथळा होतो. आणि तुकडा उभा ठेवायचा, म्हणजे गरम हवा वर जाईल आणि खालून थंड येईल. सातवीच्या सामान्य विज्ञानातलं वहन, अभिसरण, प्रारण हे सगळं या एका तुकड्यात दाखवता येतं. पट्टीतून अ‍ॅल्युमिनियममध्ये वहन, त्याच्या भोवतालच्या हवेत अभिसरण.

हे करताना अजून एक फजिती होता होता वाचली. किडा काढला, त्याच भोकांत मोठा ७८०५ बसवायला घेतला. भावोजींनी हात धरला. दोघांचे पाय उलटे असतात! मोठ्या ७८०५ चं नाव असलेलं तोंड आपल्याकडे धरलं तर डावीकडून आत, ऋण, बाहेर असा क्रम. किड्याची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडे बाहेर, मध्ये ऋण, उजवीकडे आत. नावात फक्त एका अक्षराचा फरक, पण तसाच बसवला असता तर १४ व्होल्ट नको तिथे गेले असते. पालकांनी घरी बदल करताना हे नक्की पाहावं.

आता तिसरं पॅकेज. तयार बोर्डांवर, अर्डुइनो उनोवर वगैरे, एक चपटा रेग्युलेटर दिसतो, तीन पाय एका बाजूला आणि रुंद पट्टी दुसऱ्या बाजूला. हे एसओटी-२२३ पॅकेज. सहा-साडेसहा मिलिमीटर रुंदीचं. हे गंमतीशीर आहे, कारण त्याचं ताट त्याच्या अंगाला नसतं, ते बोर्डावर असतं. पट्टी ज्या तांब्यावर सोल्डर केलेली असते ते तांबं उष्णता पसरवतं. तांब्याची जागा कमी असेल तर उष्णतारोध ९० च्या आसपास, भरपूर असेल तर ५० च्याही खाली येऊ शकतो. म्हणजे तोच भाग, पण बोर्ड कुणी आखला यावर त्याची ताकद ठरते. उनोच्या माहितीत बाहेरून ७ ते १२ व्होल्ट द्यावेत, १२ च्या वर दिले तर रेग्युलेटर तापून बोर्ड खराब होऊ शकतो, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. चार्ज होणारी बॅटरी १४ ला असते हे आपण पाहिलंच, तेव्हा ती थेट उनोला लावू नये. आणि एएमएस१११७ नावाचा जो स्वस्त चपटा रेग्युलेटर बऱ्याच बोर्डांवर असतो, त्याला १५ व्होल्टच्या वर अजिबात चालत नाही. होडीची बॅटरी त्याला जोडणं म्हणजे कड्याच्या अगदी काठाने चालणं. त्याच्या पट्टीवर बाहेर जाणारे व्होल्ट असतात, मोठ्या ७८०५ सारखं ऋण टोक नाही. पट्टीला धातूची पेटी टेकली की शॉर्ट.

यापेक्षाही बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी पॅकेजेस असतात. त्यांचा आकडा २०० च्या आसपास किंवा वर. मोबाइलच्या आत ठीक, शाळेच्या पेटीत नको. लहान म्हणजे नवीन आणि चांगलं, असं मुलांना वाटतं, आपल्यालाही वाटतं. मीही किडा घेतला तो तेवढ्याचसाठी, पेटीत सुबक दिसेल म्हणून.

पालकांपैकी कुणी म्हणेल, एवढी उष्णता जिरवण्यापेक्षा न जिरवणारा रेग्युलेटर नाही का? आहे. त्याला बक कन्व्हर्टर म्हणतात. तो वीज खूप वेगाने चालू-बंद करून एका वेटोळ्यातून सोडतो, त्यामुळे वाया फार कमी जाते. एलएम२५९६ चा तयार बोर्ड सहज मिळतो. आमच्या पेटीला ०.४ वॅट पुढे द्यायचे होते, त्यात बक कन्व्हर्टर जेमतेम ०.१ ते ०.१५ वॅट वाया घालवेल, ७८०५ मध्ये मात्र ०.७२ गेले. मग मी तो का वापरला नाही? कारण त्या बोर्डावर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून ५ व्होल्ट लावावे लागतात. आधी मीटर लावून ५ करा आणि मगच सर्किट जोडा, हे एखादं मूल विसरलं तर सगळं जळतं. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे: वाया जाणारी उष्णता एका वॅटच्या आत असेल तर मोठा ७८०५ आणि अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. एका वॅटच्या वर गेली की बक कन्व्हर्टर, आणि स्क्रू मोठ्या माणसाने लावून त्यावर रंगाचा थेंब टाकायचा.

एका वॅटच्या वरचं उदाहरण म्हणजे मोबाइल चार्जर. वादळानंतर हे मॉडेल आपल्या मुलांचं लाडकं झालंय, आणि ते बरोबरच आहे. पण मी पाहिलेल्या कितीतरी मॉडेलांत १२ व्होल्टच्या बॅटरीला नुसता ७८०५ जोडलेला असतो. फोनने १ अँपिअर घेतला तर जिरवायचे ७ व्होल्ट, म्हणजे ७ वॅट. ७ गुणिले ६५ म्हणजे ४५५ अंश! अर्थातच तो लगेच बंद पडतो आणि फोन “चार्ज होतोय, नाही होतोय” असं करत बसतो. तळहाताएवढा हीट सिंक लावून तो चालवता येईल, पण तरीही बॅटरीतल्या प्रत्येक १२ भागांतले ७ नुसते हवा गरम करण्यात जातात. ७ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर कागदावर सात तास चार्जिंग मिळेल. ८५ टक्के कार्यक्षमतेचा बक कन्व्हर्टर लावला तर तीच बॅटरी कागदावर चौदा तास देते. चार दिवस वीज नसताना हा फरक किती मोठा आहे ते तेव्हा गावभर फिरून फोन चार्ज करणाऱ्यांना विचारा.

परत आमच्या पेटीकडे. पेटीला भोकं पाडून वारा खेळवला तर ४२ अंशांचे ३५ होतील, असं मुलांनी सुचवलं. दुसरीकडे कुठे हे उत्तर बरोबर असतं. खाडीच्या काठावर खारा वारा आत गेला की दोन महिन्यांत पाय हिरवे होतात. पेटी बंद ठेवली तर उष्णता, उघडी ठेवली तर मीठ. शेवटी असा मार्ग काढला: पेटी बंदच ठेवायची, पण अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा पेटीच्या बाहेरच्या बाजूला, सावलीत, आणि ७८०५ ची पट्टी आतून स्क्रूने त्याला घट्ट. पट्टी ऋण टोकालाच असल्यामुळे तुकड्याला हात लागला तरी धोका नाही. उष्णता आत साठत नाही, मीठ आत शिरत नाही. स्क्रूच्या भोवती सिलिकॉनचा गोंद.

वर्गात हे कसं घ्यावं? चौथी-पाचवीला रेग्युलेटरची गरजच नाही. पोषण आहाराच्या वेळी एक ताट, एक पेला, तापमापी, दर पाच मिनिटांनी नोंद, एवढा प्रयोग पुरे. पेजेऐवजी गरम पाणीही चालेल, पण पेजेने मुलं जास्त मन लावतात आणि शेवटी प्रयोग पिऊनही टाकता येतो. सहावी-सातवीला दशांश अपूर्णांकांचा गुणाकार शिकवताना वरचं गणित द्या. मी फळ्यावर फक्त तीन मोकळे चौकोन काढते, किती व्होल्ट जिरवायचे, किती धारा, भोवतालची हवा किती, आणि मुलांना मोजून भरायला लावते. पॅकेजचा आकडा मी देते. उत्तर १२५ च्या वर आलं की वर्गातून “मेलो!” असा आवाज येतो. वॅटचं सूत्र खरं तर दहावीत येतं, पण गुणाकार म्हणून आधी करायला काय हरकत आहे?

तापमान प्रत्यक्ष मोजायचं असेल तर बोटाने नको. मल्टिमीटरबरोबर तापमानाची टोचणी मिळते, ती पट्टीला कापडी टेपने चिकटवा. एकदा पेटी उघडी ठेवून आणि एकदा झाकण लावून, पंधरा-पंधरा मिनिटं. दिसणारं तापमान कवचाचं असतं, आतला तुकडा त्यापेक्षा जास्त गरम असतो, हे मुलांना आधी सांगा. नाहीतर मीटरवर ११० बघून ती खूश होतील.

सोमवारी शाळेत गेल्यावर मी ते पाठकोरं पान वर्गात फळ्यावर उतरवलं आणि सगळ्यांसमोर तिला सांगितलं, की वायर सुटली नव्हती, तू बरोबर होतीस, रेग्युलेटर मी चुकीचा आणला. ती काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, “बाई, मगे ता गणित माका लिवन देशात?” आता ते गणित तिच्या पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं आहे, तिच्याच अक्षरात, १४ पासून ८९ पर्यंत.

पेटी मे महिन्यात त्यांच्या पडवीच्या पत्र्याखाली भर दुपारी तीन तास चालवून पाहिली. डिस्प्ले एकदाही विझला नाही. मात्र बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमवर, स्टीलच्या स्क्रूभोवती, पांढरी भुकटी जमायला लागलीय. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की असं होतं. सध्या तिच्या बाबांनी त्यावर होडीच्या इंजिनाला लावतात ते ग्रीस फासून ठेवलंय. पावसाळा संपला की स्क्रू काढून बघणार आहोत.